न रंगवलेल्या तबकड्या

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, ‘जुन्याचं मोल’. वाडे, पितळी भांडी, पैठण्या, पोथ्या यांवर पुष्कळ लिहून झालंय. माझ्या डोळ्यांसमोर आली ती घरोघरी कपाटाच्या चोरकप्प्यात पडून असलेली चावीची मनगटी घड्याळं. वडिलांचं एचएमटी, आजोबांचं वेस्ट एन्ड, कुणी आखातातून येताना आणलेलं सिको. बंद पडलं म्हणून काढून ठेवलेलं, टाकवत नाही म्हणून राहिलेलं. गेल्या काही वर्षांत या घड्याळांना गिऱ्हाईक आलंय. कुणी हजार देतो, कुणी दहा हजार सांगतो आणि घरच्यांना कळत नाही की यातला खरा आकडा कुठला. हे मोल नेमकं ठरतं कशावर, ते बघायला मी सांगलीत, विश्रामबागेत गेले.

विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधला टापू. 1919 साली इथे विलिंग्डन कॉलेज उभं राहिलं. 1947 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, तेच पुढे वालचंद कॉलेज झालं. प्राध्यापक, इंजिनियर, बँकेतले, कुपवाडच्या एमआयडीसीत टूलरूम सांभाळलेले, किर्लोस्करवाडीतून निवृत्त झालेले अशा लोकांची ही वस्ती. घड्याळ बघून दिवस काढलेली माणसं इथे राहतात आणि म्हणून घड्याळंही इथे सापडतात. हौशी संग्राहकांना अशी वस्ती बरोबर ठाऊक असते.

यंत्र तेच, चेहरे निराळे

ज्यांच्याकडे मी बसले ते गृहस्थ आयुष्यभर टूलरूममध्ये होते. एक शतांश मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखणारा माणूस. आसपासचे त्यांना ‘सर’ म्हणतात. टेबलावर हिरवं कापड अंथरून त्यांनी एचएमटी मांडायला सुरुवात केली : जनता, पायलट, कोहिनूर, सोना, रजत.

बंगळूरच्या हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून 1961 मध्ये मनगटी घड्याळं काढली. त्या काळात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. चांगलं घड्याळ हवं तर एक तर चोरट्या वाटेने आलेलं स्विस घ्या, नाही तर एचएमटीसाठी नंबर लावा. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि नैनिताल जिल्ह्यातल्या रानीबागला कारखाने निघाले आणि एकूण उत्पादन दहा कोटी घड्याळांच्या पलीकडे गेलं. म्हणजे एचएमटी दुर्मिळ नाही. मग काही एचएमटी दुर्मिळ का?

सरांनी जनता, पायलट आणि कोहिनूरची मागची झाकणं उघडून शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींच्या पोटात तेच 17 खड्यांचं, हाताने चावी द्यायचं यंत्र. बॅलन्स व्हील तासाला 18,000 वेळा झुलतं, म्हणजे सेकंदाला पाच टिकटिक. खडे म्हणजे कृत्रिम माणिक. पोलादी आस पितळेत फिरली की भोक झिजतं, माणकात फिरली की झिजत नाही, एवढ्यासाठी ते बसवतात. त्यांना रत्नाची किंमत नाही. जास्त खडे म्हणजे जास्त भारी घड्याळ, या समजुतीवर कितीतरी सौदे होतात आणि फसतात.

यंत्र एकच असल्यामुळे दुरुस्ती सोपी झाली, सुटे भाग गावोगावी मिळाले. त्यातूनच संग्राहकाची डोकेदुखीही निघाली. जनताचं यंत्र काढून पायलटची काळी तबकडी लावली, तिसऱ्याच घड्याळाचे काटे चढवले, तर ‘पायलट’ तयार होतं. वेळही बिनचूक दाखवतं. म्हणून सर म्हणाले, “बघा की, घड्याळ चालतंय यावरून ते खरं आहे असं ठरत नाही. तबकडी, काटे, केस, झाकण, यंत्र, सगळी एकाच घरची पाहिजेत.”

भिंगाखाली

सर जुनं घड्याळ तपासतात ते आधी चावी न देता. तेल सुकून राळेसारखं झालं असेल, तर जबरदस्तीने फिरवलेल्या चाकांच्या आसा झिजतात. आधी काच बघायची. त्या काळातली काच बहुधा ॲक्रिलिकची असते, ओरखडे पॉलिशने जातात, त्यामुळे ओरखड्यांचं दुःख नाही. मग केस. सोनेरी घड्याळांवर काही मायक्रॉन जाडीचं सोन्याचं पाणी असतं. पट्टा अडकतो त्या कानांच्या कडांवर ते आधी उतरतं आणि खालचं पितळ दिसू लागतं. ही झीज प्रामाणिक. उलट कानांच्या कडा गोलसर, गुळगुळीत झालेल्या दिसल्या तर समजायचं, कुणीतरी बफिंग मशीनवर धरून घड्याळ ‘नवं’ केलंय. धातू एकदा गेला की परत येत नाही, कारखान्यातून निघालेली धारदार कड पुन्हा करता येत नाही.

त्यानंतर डोळ्याला भिंग लावून तबकडी. सरांनी दोन पायलट माझ्यापुढे सरकवली. उघड्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. भिंगातून पहिल्यावरची अक्षरं बारीक, कडा स्वच्छ, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी काटेकोर जुळलेल्या. काळ्या रंगाला किंचित तपकिरी झाक आलेली, सहाच्या आकड्याजवळ एक बारका डाग. दुसऱ्यावर काळा रंग गडद आणि तुकतुकीत, पण अक्षरांच्या कडा शाई पसरल्यासारख्या जाड, आणि चारच्या आकड्यापाशी मिनिटाची रेघ केसभर सरकलेली. दिसायला दुसरं देखणं होतं. किमतीत मात्र पहिलं त्याच्या दुपटीतिपटीचं.

पुढचा प्रश्न प्रकाशाचा. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असायचा. 1960च्या दशकापर्यंत त्यात रेडियम घालत, पुढे ट्रिटियम आलं. रेडियमचं अर्धायुष्य साधारण 1,600 वर्षांचं, पण त्याच्यासोबतचं चमकणारं रसायन काही दशकांतच थकतं. म्हणजे 1950च्या दशकातलं घड्याळ आज रात्री लख्ख चमकत असेल तर तो रंग नंतर भरलेला आहे. आणि ते चमकत नसलं तरी त्यातलं रेडियम जागंच असतं. असं घड्याळ हौसेखातर घरी उघडून तो रंग खरवडू नये, त्याची पूड श्वासावाटे आत जाणं धोक्याचं आहे.

सिकोच्या पाठीवर तर जन्मतारीखच असते. झाकणावरच्या सहा आकडी क्रमांकातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य किंवा ‘ओ’, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. क्रमांक ‘7डी’ने सुरू होत असेल तर घड्याळ 7ने संपणाऱ्या वर्षाच्या डिसेंबरातलं. दशक कोणतं ते आतल्या यंत्राच्या मॉडेलवरून ठरवायचं. तबकडीच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत यंत्राचा क्रमांक असतो, तो झाकणावर दिलेल्या यंत्राच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुळत नसेल किंवा ती ओळच गायब असेल, तर तबकडी मूळची नाही.

मुंबईत रंगलेले चेहरे

इथे एका मोठ्या उद्योगाची गाठ पडते. जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात तो माल म्हणजे जुन्या घड्याळाची तबकडी पुसून, नव्याने रंगवून, छापून विकलेलं घड्याळ. सिको, एचएमटी, फाव्र-लुबा, कॅमी, हेन्री सँडो, सगळ्यांचे असे अवतार सापडतात. निळ्या, नारिंगी, पोपटी रंगाच्या तबकड्या, ज्या मूळ कंपनीने कधी काढल्याच नव्हत्या. कधी नावाचं स्पेलिंग चुकलेलं, कधी स्विस घड्याळाच्या केसमध्ये भलतंच यंत्र.

हा उद्योग फसवणुकीतून सुरू झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल. आपल्याकडचा उन्हाळा, घाम, चार महिन्यांचा पावसाळा यांनी तबकड्या काळवंडायच्या. पगारदार माणूस एक घड्याळ तीसतीस वर्षं वापरायचा. मुलीच्या लग्नाला जाताना त्याला घड्याळ नीट दिसायला हवं असायचं. कारागीर तबकडी रंगवून द्यायचा आणि दोघांचं समाधान व्हायचं. रंगवलेल्या घड्याळाने कुणाचं नुकसान केलं नाही. नुकसान होतं ते रंगवलेलं घड्याळ ‘कपाटातून निघालेलं, न वापरलेलं’ म्हणून विकताना. हौसेने मनगटावर बांधायला रंगवलेलं घड्याळ जरूर घ्यावं, पण ते रंगवलेलं आहे हे सांगून, त्याच भावात.

सरांबरोबर मी सांगलीत हरभट रोडच्या बाजूला एका बारक्या दुकानात गेले. दुकान कसलं, काचेची पेटी, एक स्टूल, टेबललॅम्प. तिथल्या घड्याळवाल्यांना सगळे मामा म्हणतात. सरांनी एक फाव्र-लुबा पुढे केलं.

“मामा, डायल कुठली वाटते?”

मामांनी भिंग लावलं, क्षणभर बघितलं. “मुंबईची. अक्षरं बघा की, फुगल्यात. आत मशीन मात्र ओरिजिनल आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही.”

“घ्यावं का?”

“मशीनसाठी घ्या. डायलचे पैसे देऊ नका.”

इतकं स्वच्छ मूल्यांकन मी लिलावगृहांच्या जाडजूड कॅटलॉगांतही वाचलेलं नाही.

दुर्मिळ वेगळं, महाग वेगळं

दुर्मिळ वस्तू आपोआप महाग असते, हा गैरसमज सर्वांत घट्ट. एखाद्या अल्पायुषी कंपनीने मोजकीच घड्याळं काढली असतील, पण ती कुणालाच नको असतील तर त्यांना किंमत येत नाही. भाव येतो तो कमी संख्या आणि जास्त ओढ यांची गाठ पडली की.

त्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण रोलेक्सच्या डेटोनाचं. त्या घड्याळाची एक वेगळ्या धाटणीची तबकडी 1960च्या दशकात फारशी खपत नव्हती. खपत नव्हती म्हणून कमी निघाली. पुढे नट पॉल न्यूमन तेच वापरतो हे लोकांच्या लक्षात आलं आणि ओढ वाढली, संख्या तर आधीच थोडी होती. खुद्द न्यूमनचं घड्याळ ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेलं. ते त्याला पत्नी जोन वुडवर्डने दिलेलं, आणि पाठीवर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे तिचे शब्द कोरलेले. तशीच तबकडी असलेली दुसरी घड्याळं त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. वरचे पैसे मिळाले ते घड्याळाच्या आयुष्यकथेला, आणि ती कथा सिद्ध करता आली म्हणून.

आपल्याकडे हाच न्याय छोट्या आकड्यांत लागतो. एचएमटीचं कांचन हे सोनेरी ऑटोमॅटिक एके काळी लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ. वरपक्षाची मागणी असायची, दुकानात मिळायचं नाही, जादा पैसे मोजून आणावं लागायचं. आज चांगल्या स्थितीतलं कांचन शोधावं लागतं, कारण ते रोज वापरलं गेलं आणि सोन्याचं पाणी उतरून गेलं. सोना पातळ यंत्राचं, नाजूक, म्हणून जपून हाताळलेलं सोना हातात आलं की जाणकार थांबतो. देवनागरी आकड्यांची जनता बघताच मराठी माणसाचा जीव गुंततो, आणि म्हणून तिच्या रंगवलेल्या नकलाही भरपूर. एचएमटीने दृष्टिहीनांसाठी ब्रेल घड्याळ काढलं होतं. काचेचं झाकण उघडायचं आणि उठावाचे ठिपके, काटे बोटांनी चाचपायचे. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांनी ते रोज हाताळून झिजवलं. झिजलेलं ब्रेल घड्याळ मला न वापरलेल्यापेक्षा मोलाचं वाटतं, बाजारभाव काहीही असो.

बातमीनेही भाव हलतो. क्वार्ट्झ आलं, सिकोने 1969च्या नाताळात टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. भारतात 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात टायटन उतरलं, एचएमटी मागे पडत गेलं. कारखाना बंद होणार ही बातमी 2014 मध्ये पसरली आणि दुकानांत धूळ खात पडलेल्या पायलट, जनता बघता बघता कित्येक पट भावाने गेल्या. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या धावपळीत घेतलेली पुष्कळ घड्याळं आज डब्यात आहेत. घाईत दिलेला भाव आणि टिकणारं मोल यांत किती अंतर असतं, ते त्या खरेदीने दाखवलं.

ट्रंकेतून आणि निरोप समारंभातून

सातारा-सांगली पट्ट्यात घड्याळं येतात ती दोन वाटांनी. पहिली सैन्याची. पहिल्या महायुद्धापर्यंत मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजत, पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत. खंदकात एक हात बंदुकीवर असताना खिसा चाचपत बसणं परवडेना, तेव्हा घड्याळ मनगटावर आलं आणि तिथेच राहिलं. त्या युद्धात साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंग्यातून 46 जवान कामी आले. त्या गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. मुंबईत 1886 पासून बस्तान बसवलेल्या वेस्ट एन्ड वॉच कंपनीने हिंदी सैन्याला नजरेसमोर ठेवून ‘सोवार’ नावाची घड्याळं विकली. सैन्यात माणूस असलेल्या घरांत, पत्र्याच्या ट्रंकेत, डिस्चार्जच्या कागदांशेजारी वेस्ट एन्ड निघतं ते याच परंपरेने.

दुसरी वाट कारखान्याची. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, पुढे सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, बँका, एसटीचे डेपो आले. पंचवीस वर्षं नोकरी झाली की किंवा निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि घड्याळ. अनेक घड्याळांच्या पाठीवर संस्थेचं नाव, तारीख, कामगाराचं नाव कोरलेलं असतं. बाहेरचे व्यापारी असं कोरीवकाम ‘डाग’ समजून घासून काढतात. सरांच्या मते तो शुद्ध करंटेपणा. कोरलेल्या तीन ओळींमुळे दहा कोटींतलं एक घड्याळ एकमेव ठरतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बिननावाच्या एचएमटी हव्या तितक्या मिळतील. साखर कारखान्यातल्या फिटरला सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं घड्याळ एकच.

सोबत बिल, गॅरंटीकार्ड, डबी असेल तर भाव चढतो. माझ्या मते त्याहून मोठा पुरावा म्हणजे फोटो. लग्नाच्या, निरोप समारंभाच्या फोटोत ते घड्याळ मनगटावर दिसत असेल तर तबकडी मूळची कशी होती हेही त्यात कळतं.

कृष्णेचं पाणी आणि मामांचे डबे

या गावातल्या घड्याळांना आणखी एक परीक्षा द्यावी लागली. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. गावभागातली घरं, दुकानं बुडाली, लोकांनी उंचावरच्या विश्रामबागेकडे आसरा घेतला. कागदपत्रं, दागिने उचलले गेले, बंद घड्याळं कपाटातच राहिली. पाणी ओसरल्यावर मामांकडे गाळ भरलेली घड्याळं पिशव्यांतून येऊ लागली.

पुराच्या घड्याळाचा शत्रू पाण्यापेक्षा उशीर. पितळ तग धरतं, पोलाद धरत नाही. चावीची दांडी, बॅलन्सची आस आणि केसाएवढी हेअरस्प्रिंग यांच्यावर बघता बघता गंज चढतो. हेअरस्प्रिंगला गंजाचा एक ठिपका लागला तरी तिचा ताण बदलतो आणि घड्याळ कधीच वेळ धरत नाही. मामा म्हणाले, “उन्हात ठेवून वाळवलं आणि महिन्यानं आणलं, म्हणजे संपलं. त्याच दिवशी उघडून धुतलं तर दहातली बरीच वाचतात.”

जी वाचली नाहीत तीही त्यांनी टाकली नाहीत. काचेच्या पेटीखाली औषधाच्या जुन्या डब्यांत चाकं, पूल, दांड्या, स्क्रू जातवार लावून ठेवलेले. नवे सुटे भाग येणं थांबलं, तेव्हापासून एका एचएमटीला दुसऱ्या मेलेल्या एचएमटीतूनच अवयव मिळतात. त्यांनी माझ्यासमोर एक जनता उघडली. पेट्रोलने धुतलेली चाकं चिमट्याने एकेक बसवली, खड्यांवर सुईच्या टोकाने तेलाचा कणभर थेंब ठेवला. थेंब मोठा झाला तर पसरतो, धूळ धरतो. लहान पडला तर आस कोरडी फिरते. शेवटी बॅलन्स बसवला आणि चावीचे दोन फेरे होताच तो झुलायला लागला. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, तबकडी वर करून ऐकलं, मग उभं धरून. दोन्ही बाजूंनी ठोका सारखा आला तेव्हाच झाकण लावलं. या कामाची मजुरी काही शे रुपये. ते काम शिकायला त्यांच्याकडे आता कुणी येत नाही.

संग्राहकांच्या बोलण्यात दुर्मिळतेची यादी घड्याळांनी भरलेली असते. माझ्या यादीत पहिलं नाव अशा कारागिराचं आहे. तो नसेल तर उत्तमातलं उत्तम घड्याळ केवळ धातूचा तुकडा उरेल. म्हणून ज्यांना घड्याळांत पैसा गुंतवायचाय त्यांनी त्यातला वाटा मजुरीत घालावा, घासाघीस न करता.

आपल्या कपाटातल्या घड्याळाचं काय करावं

सरांना आणि मामांना मी हा प्रश्न वेगवेगळा विचारला. उत्तरं जवळजवळ सारखी आली.

चावी द्यायच्या आधी घड्याळ जाणत्या कारागिराकडून धुऊन, तेल घालून घ्यावं. तबकडी रंगवू नये, केस बफिंगला देऊ नये, पाठीवरची अक्षरं घासू नयेत. बदललेला भाग कारागिराकडून परत मागून घ्यावा आणि पुडीत जपावा. तुटका मूळ काटासुद्धा पुढे किंमत राखतो. घड्याळ कुणाचं, कधी, कुठे घेतलं, कुणी दिलं हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावं, कारण सांगणारं माणूस गेलं की ती माहिती पैसे देऊनही मिळत नाही. विकायचंच असेल तर दोन जाणकारांना उघडून दाखवावं आणि घड्याळ न उघडता भाव सांगणाऱ्याला विकू नये.

त्या घड्याळांत कुणाला लाखो रुपये सापडणार नाहीत. पण त्यांत आपल्या भागातल्या माणसांचा इतिहास आहे : सैन्यात गेलेल्यांचा, पाळीवर वेळेत पोहोचलेल्यांचा, एक वस्तू तीस वर्षं नीट वापरणाऱ्यांचा. तो इतिहास वाचता येतो जोवर तबकडीवर दुसरा रंग चढत नाही. डाग पडलेल्या, पिवळसर झालेल्या मूळ तबकडीला आज जाणकार जास्त पैसे देतात, ही बाजाराने उशिरा का होईना दाखवलेली समज आहे. घरच्यांनी ती बाजाराच्या आधी दाखवावी. दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ हाती लागलं, तर ते भंगारात देऊ नका आणि चकचकीतही करू नका. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ते कुणाचं हे विचारा आणि तो सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा.